न काचणारा स्कर्ट

आपल्या भाषेत ‘काचणे’ असे एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. नाडी काचते, गळपट्टी काचते, बोटातली अंगठी काचते. जाच आणि काच हे शब्द आपण जोडीनेच उच्चारतो, आणि त्या जोडीत एक मोठे सत्य दडलेले आहे. काचाची माणसाला सवय होते. कमरेवर नाडीचा काळसर वण उमटलेला असतो, त्यावर रोज तीच गाठ बसत असते, आणि हा वण म्हणजे जणू स्त्रीदेहाचा एक नैसर्गिक भागच, अशी आपली समजूत होऊन बसते. आज शिवणकामाविषयी बोलायचे आहे. पण त्या बोलण्याचे मूळ या वणापाशी आहे.

हा वण नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. मुंबईचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली, धोतराच्या सततच्या काचामुळे कमरेवर उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. 2024 साली वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची अशीच हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक परकराची नाडी घट्ट बांधणारी होती, तर दुसरी परकराविना लुगडेच कमरेस घट्ट कसणारी होती. वर्षानुवर्षे एकाच जागी घर्षण होऊन तेथे व्रण झाला, तो भरून येईना, आणि पुढे त्याचे स्वरूप पालटले. असे अत्यंत क्वचित घडते, तेव्हा कोणी भयभीत होण्याचे कारण नाही. तथापि, कमरेवरचा न भरणारा व्रण डॉक्टरांना अवश्य दाखवावा, आणि कमरेवरचा भार एका बारीक दोरीवर न टाकता रुंद पट्ट्यावर टाकावा, एवढा बोध त्यातून घेण्यासारखा आहे. हिशेब साधा आहे. पाव इंचाची नाडी आणि दीड इंचाचा पट्टा या दोहोंचा ताण सारखाच असला, तर पट्ट्याखालच्या त्वचेवरचा दाब सुमारे एक षष्ठांश होतो.

घरात वावरताना घालावयाचा, लांब कुडत्याखाली शोभणारा, बैठकीत, स्वयंपाकघरात आणि झोपतानाही न काचणारा असा एक स्कर्ट घरच्या शिवणयंत्रावर सहज होऊ शकतो. मात्र तो नेहमीच्या सुती कापडाचा नव्हे, तर विणीच्या कापडाचा असला पाहिजे. या दोन कापडांतील भेद मनात स्पष्ट झाला, की पुढच्या सर्व कृती आपोआप उलगडत जातात.

मांजरपाट किंवा पॉपलीन घ्या. त्यात ताणा आणि बाणा असे दोन सरळ धागे एकमेकांना काटकोनात छेदून जातात. सरळ धागा ओढला तर लांबणार कोठून? म्हणूनच ते कापड तिरपे, म्हणजे उरेब धरले तरच थोडेसे ताण देते. आता घरातला एखादा जुना गंजीफ्रॉक घेऊन तो उजेडासमोर ताणून पाहा. येथे ताणाही नाही आणि बाणाही नाही. एकच धागा वळणावळणाने जात, एका टाक्यातून दुसरा टाका काढीत गेलेला आहे. सुयांवर स्वेटर विणणाऱ्या भगिनींना हे निराळे सांगावयास नको. दर्शनी बाजूस सुलट टाके, मागील बाजूस उलट टाके, आणि प्रत्येक टाका म्हणजे एक छोटासा वेढा. कापड ओढले की तो वेढा रुंदावतो. सोडले की पूर्ववत होतो. धागा लांबत नाही, वेढ्याचा आकार तेवढा बदलतो. या कापडाच्या साऱ्या गुणांचे आणि साऱ्या खोडींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

या कापडाची नावेही मोठी गमतीची आहेत. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रात जर्सी व गर्न्सी अशी दोन शेजारी बेटे आहेत. तेथील कोळी-खलाशी लोकरीचे विणलेले सदरे घालीत. एका बेटाने आपल्याला ‘जर्सी’ हा शब्द दिला आणि दुसऱ्याच्या नावाचा अपभ्रंश होऊन आपला ‘गंजीफ्रॉक’ झाला. विणकामाचे पहिले यंत्र विल्यम ली या इंग्रजाने 1589 साली रचले, तेही पायमोज्यांसाठी. पुढे कितीतरी काळ हे कापड मोजे आणि आतले कपडे यांपुरतेच मानले जाई. 1916 च्या सुमारास पॅरिसच्या कोको शॅनेल यांनी त्याचे स्त्रियांचे बाहेर घालण्याचे पोशाख शिवले, तेव्हा कोठे त्याला प्रतिष्ठा लाभली. 1958 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी रबरासारखा ताणणारा कृत्रिम धागा सिद्ध केला. तोच आज ‘लायक्रा’ या व्यापारी नावाने घरोघरी ठाऊक झाला आहे. आपल्या देशात तमिळनाडूतील तिरुप्पूर हे सुती होजिअरीचे आणि पंजाबातील लुधियाना हे लोकरी होजिअरीचे मोठे केंद्र आहे.

आता कापडाची निवड. दुकानात ‘होजिअरी’, ‘जर्सी’, ‘इंटरलॉक’, ‘रिब’ अशी नावे ऐकू येतील. जर्सी पातळ व मऊ असते, पण कापल्यावर तिच्या कडा गुंडाळतात. रिब फार ताणते. ती मनगटपट्ट्यांना व गळ्याला ठीक, पण स्कर्टाला अंगासरशी बसेल. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, त्याच्या कडा गुंडाळत नाहीत आणि ते थोडे जाडही असते. म्हणून प्रथमच शिवणाऱ्या भगिनींनी इंटरलॉकच घ्यावे. सुताबरोबर शेकडा पाचच्या आसपास लायक्रा असेल तर उत्तम. घाऊक बाजारात हे कापड बहुधा वजनावर विकतात आणि दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर त्याची जाडी सांगतात. गंजीफ्रॉकाचे पातळ कापड स्कर्टाला चालत नाही, त्यातून आतले दिसते. 220 ग्रॅम किंवा त्याहून जड कापड मागावे.

खरेदीपूर्वी दुकानातच एक परीक्षा करावी. कापड आडवे धरून चार इंचांवर दोन्ही हातांची चिमूट ठेवावी आणि ओढावे. चाराचे पाच इंच सहज झाले पाहिजेत. मग सोडून द्यावे. ते पुन्हा चार इंचांवर आले तर कापड घ्यावे. साडेचारावर रेंगाळले तर ठेवून द्यावे. ताणणे हा अर्धाच गुण, परत येणे हा उरलेला अर्धा. जे परत येत नाही त्याला बसण्याच्या जागी चार दिवसांत पोत्यासारखा फुगा येतो.

कापड घरी आणल्यावर त्याला तत्काळ कात्री लावू नये. सुती विणीचे कापड पहिल्या धुण्यात आटते, विशेषतः उंचीकडून. रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, सकाळी न पिळता दाबून पाणी काढावे आणि सावलीत चटईवर किंवा खाटेवर आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगले तर ओल्या कापडाचा भार त्याच्याच वेढ्यांना खाली ओढतो आणि आटण्याऐवजी ते वेडेवाकडे लांबते.

आता कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. मापे तीनच, परंतु कमरेचे माप दोनदा घ्यावयाचे. एकदा उभे राहून आणि एकदा जेवणानंतर जमिनीवर मांडी घालून. शिंपीदादा आपल्याला नेहमी उभे करून, श्वास रोखलेल्या स्थितीत मोजतात, आणि आपण जगतो ते मात्र बसून, वाकून आणि जेवून! या दोन मापांतील फरक एक-दोन इंचांचा, कित्येकींच्या बाबतीत त्याहूनही अधिक निघतो. तो फरक कोणाच्या तरी पोटात रुतत असतो, हे विसरू नये. उदाहरणादाखल असे धरू, की उभ्याने कंबर 32 इंच, बसून 34 इंच. नितंबाचा सर्वांत मोठा घेर 40 इंच आणि तयार स्कर्टाची उंची 34 इंच.

स्कर्टाचे पुढचा आणि मागचा असे दोन सारखेच भाग. प्रत्येक भाग कापडाच्या घडीवर बेतावयाचा, म्हणून कागदी आकार पाव मापाचा काढावा. वरच्या कडेला बसल्या कमरेचा चौथा हिस्सा साडेआठ इंच, त्यात अर्धा इंच सैलपणासाठी आणि अर्धा इंच माया, असे साडेनऊ इंच. वरच्या कडेपासून सात इंच खाली नितंबाची रेघ आखावी. तेथे 40 चा चौथा हिस्सा दहा, अधिक अर्धा इंच सैलपणा, अधिक अर्धा इंच माया, असे अकरा इंच. तळाशी साडेतेरा इंच, म्हणजे तयार घेर 52 इंच होईल आणि चालताना पाय अडणार नाही. हे तीन बिंदू एका गोलसर, सलग रेषेने जोडावेत. उंचीतून कमरपट्ट्याचा दीड इंच वजा होतो, आणि वर अर्धा इंच माया व खाली एक इंच दुमड वाढते. म्हणून कागदाची उंचीही 34 इंचच येते. कमरपट्ट्यासाठी सव्वाचार इंच रुंद व 37 इंच लांब अशी एक सरळ पट्टी. साठ इंच पन्ह्याचे कापड असेल तर आटण्याची सोय धरून सवा मीटर पुरते. इतर मापांच्या स्त्रियांनी याच रीतीने आपले आकडे मांडावेत.

बेतताना एक नियम अबाधित ठेवावा. कापडाचा सर्वांत जास्त ताण ज्या दिशेला आहे, ती दिशा अंगाभोवती गेली पाहिजे. काठ उभे राहिले पाहिजेत. दोन्ही काठ मध्यापर्यंत दुमडून आणावेत, म्हणजे दोन बाजूंना दोन घड्या मिळतात आणि एकेका घडीवर एकेक भाग बसतो. कमरपट्टीची लांबी मात्र पन्ह्यातून घ्यावी. कापड मेजावरून खाली लोंबू देऊ नये. त्यापेक्षा स्वच्छ जमिनीवर पसरलेले बरे. आकार टाचण्यांनी टोचण्याऐवजी कागदावर चार पितळी वाट्या ठेवाव्यात, म्हणजे कापड ओढले जात नाही.

यानंतर सुई. नेहमीच्या सुईचे टोक तीक्ष्ण असते. विणलेल्या कापडात ते धाग्यालाच भेदते, वेढा तुटतो, आणि मोज्याला जशी शिडी पडते तशी एका छिद्रातून फाट वाढत जाते. म्हणून ‘बॉल पॉइंट’ नावाची, किंचित बोथट टोकाची सुई मिळते ती घ्यावी. पातळ कापडाला 11 क्रमांकाची आणि जाड कापडाला 14 क्रमांकाची. ही सुई धागा न तोडता वेढे बाजूला सारून वाट काढते. दोरा पॉलिएस्टरचा वापरावा. सुती दोरा ताणात लवकर तुटतो.

आता या कामातील कळीचा प्रश्न. कापड ताणते, पण टीप ताणते काय? साधी सरळ टीप ताणत नाही. त्यामुळे स्कर्ट घालताना ‘कट्’ असा आवाज होऊन शिवण उसवते, आणि मग दोष कापडाला दिला जातो. ज्यांच्या यंत्रावर नागमोडी टाका आहे, त्यांनी तो अगदी अरुंद, म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीचा आणि अडीच मिलिमीटर लांबीचा लावावा. त्या नागमोडीत दोऱ्याला लांबण्यास अवसर मिळतो. ज्यांच्या घरी जुने, सरळ टीप मारणारे, पायाचे वा हाताचे यंत्र आहे, त्यांनीही निराश होऊ नये. बाजूच्या शिवणी उभ्या जातात आणि उभ्या दिशेने हे कापड कमीच ताणते. तेथे बारीक सरळ टीप पुरते. खरी परीक्षा कमरेच्या आणि तळाच्या गोलाकार शिवणींची. प्रथम चिंधीवर टीप मारून ती पूर्ण ताणून पाहावी. दोरा तुटला तर वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा, टाका दोन मिलिमीटरवर आणावा आणि सुईच्या पुढेमागे कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरून शिवावे.

शिवण्याचा क्रम असा. दोन्ही भाग सुलट बाजू आत घेऊन ठेवावेत, धावदोरा घालावा आणि अर्ध्या इंचावर बाजूच्या शिवणी माराव्यात. येथे कापड ओढू नये. यंत्राचे दातेच त्याला पुढे नेतील. ओढले तर शिवण लाटांसारखी उठते. तशी उठलीच, तर ओले फडके ठेवून इस्त्री नुसती वरून दाबावी, घासू नये. बहुतेक लाटा बसून जातात. हे कापड ताण्या-बाण्याच्या कापडासारखे धाग्याधाग्याने उसवत नाही, त्यामुळे आतील कडांना वेगळे बांधकाम करावे लागत नाही.

कमरपट्ट्यासाठी दीड इंच रुंदीचे मऊ इलास्टिक घ्यावे. त्याची लांबी उभ्या कमरेहून एक इंच कमी, म्हणजे 31 इंच, आणि टोके एकमेकांवर चढविण्यासाठी आणखी एक इंच. एकूण 32 इंच. टोके एकमेकांवर ठेवून तेथे चौकोनी टीप व आत फुली मारावी. मग कापडी पट्टीची टोके जोडून तिचेही कडे करावे, ते उभे दुमडून आत इलास्टिक बसवावे आणि मोकळ्या कडा कच्च्या दोऱ्याने बंद कराव्यात. पट्ट्यावर आणि स्कर्टाच्या वरच्या कडेवर खडूने चार समान खुणा कराव्यात. खुणेला खूण टाचून, पट्टा एवढाच ताणावा की खालचे कापड सपाट होईल, आणि त्या स्थितीत सभोवार टीप मारावी. ताण सोडताच सर्व बाजूंनी सारख्या बारीक चुण्या पडतात. नाडी नाही, हूक नाही, गाठ नाही. ज्यांच्या बोटांचे सांधे धरले आहेत अशा वृद्ध स्त्रियांना किंवा दिवस गेलेल्या लेकी-सुनांना या एका सोयीचे मोल किती वाटते, ते त्यांनाच विचारावे.

तळाची दुमड मात्र त्याच दिवशी घालू नये. स्कर्ट एक रात्र टांगून ठेवावा. कापड आपल्या भाराने जेवढे उतरावयाचे तेवढे उतरते आणि तळ कोठे वरखाली झाला ते सकाळी दिसते. तो सारखा कापून एक इंच आत दुमडावा. नागमोडी टाक्याचे यंत्र असेल तर त्यावर. नसेल तर हातशिलाई करावी, आणि दर चार-पाच टाक्यांनंतर कापड थोडे ताणून दोऱ्याला सैलपणा द्यावा. घट्ट हेम घातली, की पहिल्याच मोठ्या पावलासरशी दोरा तुटतो.

स्कर्ट तयार झाल्यावर तो आरशापुढे उभे राहून पारखू नये. तो घालून अर्धा तास घरकाम करावे, जमिनीवर मांडी घालून भाजी निवडावी, वाकावे, उठावे. मग पट्टा किंचित खाली सरकवून त्याखालची त्वचा पाहावी. तेथे खोल वण उमटला असेल तर पट्ट्याची तीन इंच शिवण उसवून इलास्टिकाची जोड मोकळी करावी, आणि ते एक-दीड इंच वाढवून पुन्हा जोडावे. अंगात बदल होईल तसा हा पट्टा पुढेही असाच बदलता येतो. साडीखाली परकरच लागत असेल, तर त्याची नाडी रुंद पट्टीची करावी, ती सैल बांधावी आणि गाठीची जागा अधूनमधून बदलावी. अंगावरचा वण हे शिवणकामातील चुकीचे चिन्ह समजावे आणि ती चूक कापडात दुरुस्त करावी. देहाने तिच्याशी जुळवून घेण्याचे काही कारण नाही.